छात्राध्यापकांच्या संकल्पना नकाशांना गुण कसे द्यावेत?

प्रश्न (भुसावळ)
मी बी.एड.च्या छात्राध्यापकांना विज्ञान अध्यापन पद्धती शिकवते. ‘प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन’ या घटकावर सराव पाठ घेण्यापूर्वी मी त्यांना बारा संकल्पना देऊन नकाशा काढायला सांगितला, म्हणजे संकल्पना बाणांनी जोडायच्या आणि प्रत्येक बाणावर त्यांचा संबंध सांगणारा जोडशब्द लिहायचा. एका छात्राध्यापिकेने वीसेक बाण काढले, पण त्यांतल्या बहुतेकांवर जोडशब्दच नव्हते. दुसऱ्याने नऊच बाण काढले, मात्र त्यांपैकी एकावर त्याने ‘वनस्पती फक्त रात्री श्वसन करतात’ असे स्पष्ट लिहिले. लेखी चाचणीत याच विद्यार्थ्याची दोन्ही समीकरणे बिनचूक होती, त्यामुळे हा गैरसमज नकाशा काढून घेतला नसता तर माझ्या लक्षातही आला नसता. आता गुण कुणाला किती द्यावेत?

उत्तर १ (धुळे)
मॅडम, अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ नोव्हाक आणि गोविन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत प्रत्येक योग्य विधानाला (दोन संकल्पना आणि त्यांमधला जोडशब्द) १, उतरंडीच्या (व्यापक संकल्पना वर, विशिष्ट खाली) प्रत्येक योग्य पातळीला ५, नकाशाच्या दोन वेगळ्या भागांना अर्थपूर्ण रीतीने जोडणाऱ्या आडव्या दुव्याला १० आणि उदाहरणाला १ गुण आहे. जोडशब्दाशिवाय विधान पूर्ण होत नाही, म्हणून ते कोरे बाण गुणांस पात्र ठरत नाहीत. उतरंडीच्या गुणांबाबत मात्र मी साशंक आहे. ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड जिथे एका क्रियेतून दुसरीत फिरत राहतात, तिथे वरची संकल्पना कोणती आणि खालची कोणती, हे ठरवणे ओढूनताणून केल्यासारखे होते.

उत्तर २ (रावेर)
गुणांपूर्वी त्या विद्यार्थ्याला केळीच्या रायपनिंग चेंबरविषयी, म्हणजे केळी पिकवण्याच्या बंद खोलीविषयी विचारा. आमच्याकडच्या मुलांनी तो पाहिलेला असतो. झाडावरून उतरवलेल्या घडाचे श्वसन चालूच राहते, फळ पिकवणाऱ्या इथिलिन वायूमुळे ते वाढते, स्टार्चची साखर होते आणि खोलीत साठणारा कार्बन डायऑक्साइड अधूनमधून बाहेर सोडावा लागतो. हे सारे दिवसाही घडते, हे लक्षात आल्यावर तो स्वतःच ‘फक्त रात्री’ खोडेल. मग दुसरा नकाशा काढून घ्यावा आणि दोन्ही नकाशांत काय बदलले, का बदलले, हे त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. मी गुण त्या लेखनाला देतो.

उत्तर ३ (शहादा)
एक गोष्ट सुटते आहे. आमच्या काही छात्राध्यापकांची घरची भाषा भिली किंवा पावरी आहे. ‘मुक्त होतो’, ‘रूपांतर होते’ असे पुस्तकी जोडशब्द त्यांना चटकन सुचत नाहीत, आणि चुकीचे लिहिण्यापेक्षा ते जागा कोरी सोडतात. तेव्हा कोरा बाण म्हणजे अज्ञान, असे लगेच मानू नये. घरच्या भाषेतले जोडशब्द लिहिण्याची मुभा द्यावी, किंवा नकाशा समोर ठेवून तोंडी विचारावे.

प्रश्नकर्ती (भुसावळ)
सर्वांचे आभार. आज वीस बाणांच्या छात्राध्यापिकेला समोर बसवून एकेक बाण विचारला. तिने तेरा संबंध बरोबर सांगितले, तेही निम्मे अहिराणीत. पहिल्या नकाशाचे गुण मी अजून नोंदवलेले नाहीत.