मदत हवी आहे: सोलापुरातली पहिली विद्युतदाहिनी कधीची?

वाचनालयाच्या भित्तिपत्रकासाठी दहनगृहांच्या इतिहासावर लिहितोय. युरोपची बाजू मिळाली: 1873 च्या व्हिएन्ना प्रदर्शनात इटलीच्या ब्रुनेट्टींनी दहनभट्टी मांडली, 1876 मध्ये मिलानला दहनगृह सुरू झालं. इंग्लंडात मात्र 1884 मध्ये विल्यम प्राइस नावाच्या डॉक्टरवर खटला चालला, मुलाचं प्रेत जाळायला निघाला म्हणून! दहन बेकायदा नाही असं न्यायाधीशांनी सांगितलं आणि पुढच्याच वर्षी वोकिंगला पहिलं दहन झालं. आपल्याकडे सरणाची परंपरा हजारो वर्षांची, पण बंद भट्टी आली ती यंत्रयुगातच.

अडलोय ते गावाच्या बाजूला. जिल्हा गॅझेटियर चाळलं, मोदी आणि रूपाभवानी स्मशानभूमीत विचारलं. प्रत्येकाचं साल वेगळं. ऐकीव माहिती छापायची नाही. लिंगायत समाजाच्या दफनभूमींवर वेगळा लेख होईल, तो विषय इथे नको. मोडी वाचता येतं, कन्नड येत नाही. नोकरीमुळे शनिवारीच जमतं.

दाहिनी मंजूर झाल्याचा महापालिकेचा ठराव किंवा तेव्हाच्या स्थानिक दैनिकातली बातमी कुणी पाहिली आहे का? आणि असे जुने अंक शनिवारी नेमके कुठे चाळायला मिळतील?