क्लब हाऊसमधल्या ‘२१ दिवसांत १० किलो’ शिबिराबद्दल

सेक्रेटरी (सकाळी ११.२०): नमस्कार मंडळी. एका संस्थेने रविवारी सकाळी १० ते १२ क्लब हाऊस मागितलं आहे. ‘वजन घटवा’ शिबिर आहे. तपासणी फुकट, हॉलचं भाडं ते देणार. पत्रक वर टाकलंय. ‘२१ दिवसांत १० किलो’ असं त्यांचं म्हणणं. कोणाची हरकत असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा.

सी-४०२: माझं नाव लिहा काका. डिसेंबरात लग्न आहे.

डी-३०१: आमची दोन नावं. पावडरचे डबे घ्यावेच लागतात का?

सेक्रेटरी: हो, जेवणाऐवजी ती घ्यायची आहे म्हणे.

बी-३०४: काका, माझी हरकत आहे. आत्ता ऑफिसात आहे, रात्री नीट लिहिते. तोपर्यंत कोणाचे पैसे भरून घेऊ नका, प्लीज.

बी-३०४ (रात्री ९.१०): मंडळी, जरा लांब लिहितेय, पण वाचाच.

तीन वर्षांपूर्वी मी हे केलंय. दोन वेळचं जेवण बंद, त्याऐवजी पावडर. महिन्यात ६ किलो उतरले. सगळे कौतुक करत होते आणि इकडे न्हाणीघराच्या जाळीत रोज केसांचा पुंजका अडकलेला असायचा. जिना चढताना पाय भरून यायचे. डबे बंद केले आणि पाच महिन्यांत ७ किलो परत आले.

आता हिशेब बघा. शरीरातली १ किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. १० किलो म्हणजे ७७,०००. २१ दिवसांनी भागलं तर रोज साडेतीन हजारांच्या वर तूट पडायला हवी. माझ्यासारखी दिवसभर खुर्चीत बसणारी बाई दिवसाला १,७०० ते १,९०० कॅलरी खर्च करते. म्हणजे २१ दिवस पाण्यावर राहिलं तरी १० किलो चरबी जाणार नाही.

सी-४०२: पण ताई, काटा तर खाली येतो. आमच्या टीममधल्या एकाचं ८ किलो कमी झालंय, समोर दिसतंय.

बी-३०४: येतो ना. पहिल्या आठवड्यात जातं ते बरंचसं पाणी. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर संपते आणि तिच्यासोबत तिच्या तिप्पट पाणी निघून जातं. पुढे उपासमार चालूच राहिली तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. परत जेवायला लागलं की पाणी लगेच येतं, चरबी सावकाश येते, पण गेलेले स्नायू आपोआप येत नाहीत. माझं तेच झालं. वजन होतं त्याहून किलोभर वरच गेलं, अंगात ताकद मात्र पहिल्यापेक्षा कमी.

सी-१०२ डॉक्टर: बी-३०४ ताईंचं बरोबर आहे. थोडी भर घालतो. आपण भारतीय काट्याकडे बघून फसतो. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच शेजारी-शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! हातपाय बारीक आणि पोट पुढे, ही आपली ठेवण. म्हणून काट्याआधी टेप घ्या. शिंप्याची चालेल. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांना ९० सेंमीच्या आत आणि बायकांना ८० सेंमीच्या आत असायला हवं.

डी-३०१: यांची १०१ 😟

ए-६०३ काकू: माझी ९६ भरली. आत्ता नातीने मोजली. मी एकादशी धरते, गुरुवार धरते, तरी एक इंच हलत नाही. गुडघ्यांमुळे चालवत नाही. मी काय करू सांगा.

बी-३०४: काकू, उपासाला काय काय होतं?

ए-६०३ काकू: सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी बटाट्याचा कीस. संध्याकाळी चहाबरोबर वेफर्स, केळं.

बी-३०४: काकू, ‘एकादशी अन् दुप्पट खाशी’ आपल्या आज्या उगीच नाही म्हणायच्या. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाच. त्यावर तूप, कूट, बटाटा. उपास सोडू नका, ताट बदला. राजगिऱ्याची एक भाकरी, लाल भोपळ्याची भाजी, वाटीभर दही, मूठभर भाजलेले दाणे. तहान लागली की ताक. माझ्या सासूबाई आता असाच उपास करतात आणि संध्याकाळी चक्कर येते म्हणत नाहीत.

सी-१०२ डॉक्टर: काकू, तुमच्या मधुमेहाच्या गोळ्यांत ग्लिमेपिराइड आहे का ते बघा. ती घेऊन जेवण टाळलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते. इन्सुलिनवाल्यांनाही हेच. खाणं कमी करण्याआधी आपापल्या डॉक्टरांकडून डोस तपासून घ्या. या पत्रकात त्याबद्दल एक शब्द नाही, माझा मुख्य आक्षेप तोच आहे.

सी-४०२: डॉक्टर, मी रोज १०० क्रंचेस मारतो. पोट जात का नाही?

सी-१०२ डॉक्टर: पोटाचे स्नायू घट्ट होतील, पण वरची चरबी तिथूनच जाईल असं नाही. ती कुठून आधी जाणार ते शरीर ठरवतं. आणि जाते कुठे माहितीये? १० किलो चरबी जळली की त्यातले ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडतात आणि उरलेल्याचं पाणी होतं.

डी-३०१: मग पोटाला बांधायचा तो घामाचा पट्टा?

सी-१०२ डॉक्टर: घाम म्हणजे पाणी. दोन ग्लास प्यायलात की जागेवर.

ए-५०५: माझी नाइट शिफ्ट असते. रात्री ३ ला भूक लागते आणि काहीतरी मागवलं जातं. त्याचं काय?

बी-३०४: घरून डबा ने. दोन उकडलेली अंडी किंवा चणे-काकडी-टोमॅटो. भूक खरीच असते, तेव्हा हाताशी काय आहे त्यावर सगळं ठरतं. आणि सकाळी येऊन पडदे लावून पूर्ण झोप काढ. झोप मोडली की भूक वाढते.

डी-३०१: ताई, तुम्ही आता बारीक दिसता. नेमकं काय केलंत? आम्हाला तेच हवंय.

बी-३०४: सुरुवात तेलापासून केली. गेल्या मार्चमध्ये ५ लिटरचा डबा फोडला तेव्हा त्यावर मार्करने तारीख लिहिली. आम्ही चौघं. डबा २६ दिवसांत संपला. भागाकार केला, माणशी दिवसाला जवळजवळ ४८ मिली! मला धक्का बसला, कारण आमच्याकडे तळण आठवड्यातून एकदाच. बाकीचं जात होतं फोडणीत. मी डब्यातून थेट कढईत ओतायचे आणि हात सैल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने बैठं काम करणाऱ्या बाईला दिवसाला २० ग्रॅम आणि पुरुषाला २५ ग्रॅम वरून घातलेलं तेल-तूप पुरे म्हटलंय.

आता आठवड्याचं तेल रविवारी काचेच्या बरणीत काढते आणि मसाल्याच्या डब्यातल्या चमच्यानेच घालते. चौघांच्या भाजीला तीन चमचे. पहिल्या आठवड्यात वांगी कढईला लागली, मुलगा कुरकुरला. मग कळलं, झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजवायची. आजी असंच करायची, मीच विसरले होते. आता तोच डबा ५० दिवस पुरतो. माणशी रोज २३ मिली वाचलं म्हणजे १९० कॅलरी. एवढ्या जाळायला मला पाऊण-एक तास चालावं लागतं.

दुसरं, ताटातला क्रम. आधी उसळ आणि कोशिंबीर, मग पोळी, भात शेवटी अर्धी वाटी. मटकी, मूग, चवळी, हरभरा, काहीतरी रोज भिजलेलं असतंच. चहा दोनच वेळा, अर्धा चमचा साखर. मोदक-पुरणपोळी बंद केलेली नाही. सणाला खाते, बेताने आणि आवडीने.

तिसरं, व्यायाम. आठवड्यातून पाच दिवस ४० मिनिटं भरभर चालणं. बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतकं भरभर. कधी टेकडी, कधी नुसत्या सोसायटीच्या फेऱ्या. आणि दोन दिवस गच्चीवर दोन-दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या घेऊन ताकदीचे व्यायाम. बायकांनो, हे टाळू नका. पावडरवर स्नायू गेले होते, ते मला यानेच परत मिळाले.

आठ महिन्यांत वजन ७१ वरून ६५.५. कंबर ९४ वरून ८६. ८० अजून लांब आहे. पाचव्या महिन्यात काटा सहा आठवडे तसूभर हलला नाही, मी रडकुंडीला आले होते. पण टेप दीड सेंटीमीटर खाली आली होती, म्हणून टिकले.

सी-४०२: म्हणजे डिसेंबरपर्यंत माझं किती होईल?

बी-३०४: आठवड्याला अर्धा किलो धर. अजून चार महिने आहेत, ७-८ किलो होतील. शेरवानी नोव्हेंबरात शिवायला टाक.

ए-६०३ काकू: आणि माझे गुडघे?

सी-१०२ डॉक्टर: काकू, भिंतीला टेकवलेली पक्की खुर्ची घ्या. हात न टेकता उठायचं, सावकाश बसायचं. जमेल तितक्या वेळा, दिवसातून दोनदा. मांड्या बळकट झाल्या की गुडघ्यावरचा भार हलका होतो. दुखलं तर थांबा, खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

सेक्रेटरी (रात्री १०.४०): सगळं वाचलं. त्या संस्थेला नाही कळवतो. डॉक्टर, रविवारी त्याच वेळेत तुम्ही टेप आणि बीपीचं मशीन घेऊन बसाल का? गच्चीची किल्ली उद्यापासून सकाळी ६ ला वॉचमनकडे ठेवतो.

सी-१०२ डॉक्टर: बसतो. सगळ्यांनी आपापली औषधं सोबत आणा.

डी-३०१: आमची दोन नावं आता इकडे लिहा 🙏

ए-६०३ काकू (सकाळी ७.०५): सहा वेळा उठले. सातव्याला हात टेकला.