रागात केलेली प्रार्थना देवाला चालते का?

रात्रपाळी:
सलाम. चौदा महिने झाले, ह्यांचं डायलिसिस चालू आहे. मंगळवार, गुरुवार, शनिवार, दर वेळी चार तास. पाणी मोजून द्यायचं, वजन लिहून ठेवायचं, डाव्या हाताला फिस्तुला (डायलिसिसच्या सुयांसाठी जोडलेली रक्तवाहिनी) आहे म्हणून त्या हातावर बीपी घेऊ द्यायचं नाही. सगळं पाठ झालंय. प्रार्थना तेवढी विसरले.

सुरुवातीला गुडघे टेकून रडायचे, मागायचे. आता डोळे मिटले की आधी राग येतो. ‘तू होतास कुठे?’ एवढंच तोंडात येतं, मग घाबरून आमेन म्हणते आणि उठते.

आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक चांगले आहेत, फोन करतात, भेटून जातात. पण दर रविवारी कुणीतरी म्हणतंच, ‘ताई, देव झेपेल तेवढंच देतो.’ मागच्या रविवारी मला साक्ष द्यायला उभं केलं. ‘देव विश्वासू आहे’ म्हणाले आणि खाली बसले. खोटं बोलल्यासारखं वाटलं. खोटं होतं का, तेही ठरवता येत नाही.

भरवसा ठेवायचा म्हणजे नक्की काय करायचं? बायबलच्या वचनांची यादी नका देऊ, बरीच पाठ आहेत.

लहान कंदील:
ताई, संशयाला जागा देऊ नका. याकोब १:६ वाचा, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो. उपास-प्रार्थना करा, स्तुती सोडू नका. आरोग्य मिळणारच.

जुनी वही:
कंदील, लाटेच्या आधीची ओवीही वाचा. तिथे विषय बुद्धी मागण्याचा आहे. डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून रागावलेल्या बाईचा नाही.

रात्रपाळी, ते ‘झेपेल तेवढंच’ माझ्याही कपाळी आलं होतं. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना गेली, त्याला आता सहा वर्षं झाली. लोक हे पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रावरून (१ करिंथ १०:१३) म्हणतात. पण तो भाग मूर्तिपूजेच्या आणि पापाच्या मोहाबद्दल आहे, कुणावर किती दुःख टाकायचं याचं ते माप नव्हे. त्याच पौलाने त्याच मंडळीला दुसऱ्या पत्रात (१:८) काय लिहिलंय बघा: आशिया प्रांतात आमच्यावर शक्तीपलीकडचा भार पडला, जगण्याचीही आशा उरली नव्हती. झेपलं नाही, असं प्रेषित स्वतःच्या तोंडाने सांगतो!

मला त्या दिवसांत स्तोत्र ८८ ने धरून ठेवलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटाकडे वळतात. तेरावं बघा, चारदा ‘कोठवर’ विचारतं आणि शेवटच्या ओवीत गायला लागतं. ८८ वळत नाही, अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात ठेवलंय. सगळं गमावलेला ईयोब तर पानंच्या पानं देवाशी भांडतो आणि त्याचे मित्र देवाची बाजू घेतात. शेवटी (४२:७) देव रागावतो तो मित्रांवर, म्हणतो, माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब.

भरवशाची भावना कुठून आणायची ते मला आजही माहीत नाही. एवढंच बघितलं की राग ज्याच्यावर होता, त्याच्याशीच भांडत होते. उठून गेले नाही. तुमचं ‘तू होतास कुठे’ भाऊ लाजर गेल्यावर मार्थाने येशूला म्हटलं, तिची बहीण मरीयेनेही म्हटलं, जवळजवळ त्याच शब्दांत (योहान ११). मार्थाशी तो बोलला, मरीयेचं रडणं बघून स्वतः रडला. गप्प बस असं कुणालाच म्हणाला नाही. तेव्हा आमेनची घाई नका करू. बसून राहा.

आणि बरं होईलच, असं मी सांगणार नाही. शरीरातला काटा काढ म्हणून पौलाने तीनदा मागितलं, तो निघाला नाही.

लहान कंदील:
म्हणजे आरोग्य मागायचंच नाही?

जुनी वही:
मागायचं की. येशूनेही गेथशेमानेत, धरला जाण्याच्या रात्री, दुःखाचा प्याला टळू दे म्हणून मागितलंच होतं ना.

मशीनवाला:
मी डायलिसिस टेक्निशियन. पेशंट मशीनवर असतो तेव्हा सोबत आलेल्यांचे चेहरे मला दिसतात, म्हणून विचारतो: ताई, सलग झोप शेवटची कधी झाली? १ राजे १९ मध्ये संदेष्टा एलीया झाडाखाली पडून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. खायला देतो, पुन्हा झोपू देतो, पुन्हा उठवून खायला देतो. देवाचा प्रश्न येतो तो त्यानंतर, आणि तोही चाळीस दिवसांनी. मंडळीला सरळ सांगा, वचन नको, शनिवारी चार तास बसायला माणूस द्या. लोकांना काय करावं तेच कळत नाही, म्हणून ते वचन सांगतात. (निदान आमच्या मंडळीत तरी असंच आहे. मीही सांगितलीत.)

रात्रपाळी:
झोपेचं वाचून हसू आलं, मग रडू. शनिवारचं पाळकसाहेबांना सांगितलं. चार नावं आली, त्यात ‘झेपेल तेवढंच’वाले भाऊही आहेत. येऊ देत.

काल मशीन चालू असताना ह्यांना ८८ वाचून दाखवलं. डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले तर म्हणाले, ‘पुढे?’

म्हटलं, संपलं.

‘असंच?’

हो म्हटलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘परत वाच.’