कालवांच्या शिंपल्यांवरची भोकं

कालवांच्या शिंपल्यांवर दिसणारी भोकं शिकारी गोगलगायीची असतात, असं एकाने म्हटलंय. ती बहुधा एकच, नीट कोरलेलं भोक पाडते. शिंपलाभर चाळणी झाली असेल तर संशय क्लायोना या स्पंजावर (एका जागी चिकटून राहणारा साधा समुद्री प्राणी) घ्यावा. शिंपला फोडून पाहा, आत एकमेकांना जोडलेले कप्पे दिसतील. स्पंजाच्या पेशी चुनखडी कडेकडेने विरघळवून कपचा सुट्या करतात. विरघळतं थोडंच, बाकीची कपच्यांच्या रूपाने पाण्याबरोबर बाहेर फेकली जाते. भोकांतून डोकावतात ते फक्त पाणी आत-बाहेर करणारे पिवळसर उंचवटे. अंगात सिलिकाच्या सुया, टाचणीसारखं डोकं असलेल्या. कालवाचं मांस तो खात नाही हं, त्याला फक्त घर हवं असतं.

प्राणिशास्त्रज्ञ रॉबर्ट ग्रँट यांनी 1826 मध्ये स्कॉटलंडजवळच्या नमुन्यांवरून क्लायोना ही प्रजाती मांडली, पण तिचा पसारा थंड समुद्रांपासून उष्ण कटिबंधातल्या प्रवाळांपर्यंत आहे. सगळेच पोखरत बसत नाहीत: क्लायोना पटेरा ही तिच्यातली एक जात, तो मोठेपणी मोकळा उभा राहतो, मीटरभर उंच पेला! सिंगापूरजवळून तो नाहीसा झाला असं मानत होते. 2011 मध्ये तिथेच जिवंत सापडला.