नवा पीसी 'नेटवर्क'मध्ये दिसत नाही

टिळक रोडला ऑफिस, एका नेटवर्क स्विचवर (केबलने पीसी जोडणारा डबा) पाच पीसी. नव्या विंडोज ११ वर इंटरनेट चालतं, त्याचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) \\१९२.१६८.१.१४ टाकला की शेअर फोल्डरही उघडतं, पण बाकीच्यांच्या यादीत तो नाहीच. काय करू?

पेठकर: आयपीने उघडतंय म्हणजे केबल, फायरवॉल, शेअरिंग ठीक, पीसी फक्त स्वतःची हाळी देत नाहीये. त्याच पीसीवर सर्व्हिसेस.एमएससी (विंडोजच्या सेवांची यादी) उघडा, 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ऑटोमॅटिक करून स्टार्ट करा. नेटवर्क प्रोफाइल 'प्रायव्हेट' हवं.

स्विचवाला: कुणी एसएमबी १ (फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) चालू करायला सांगेल, अजिबात ऐकू नका. वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस त्याच दारातून घुसला होता, २०१७ साली.

प्रश्नकर्ता: दिसला! पण वायफायवरचा लॅपटॉप अजून गायब. त्याचा आयपी १९२.१६८.०.५.

पेठकर: तिसरा आकडा १ ऐवजी ०, म्हणजे नेटवर्कच वेगळं. मग वायफायचा राउटर वेगळा आहे आणि स्विचची केबल त्याच्या वॅन (बाहेरच्या नेटवर्कच्या) पोर्टात आहे, बहुतेक निळ्या. आधी त्या राउटरला १९२.१६८.१.२५० द्या (आयपी मोकळा आहे ना, बघा), त्याचं डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) बंद करा, मगच केबल लॅन (आतल्या नेटवर्कच्या) पोर्टात टाका. क्रम उलटा झाला तर दोन डीएचसीपी भांडतील आणि सगळं ऑफिस बोंबलेल.