लॅपटॉपवर चालणारी पीएचपी स्क्रिप्ट होस्टिंगवर अडली

वाचनालय_तालुका:
आमच्या वाचनालयासाठी पीएचपी या वेबसाइटच्या भाषेत वर्गणी-पावत्यांची स्क्रिप्ट लिहिली. विंडोज लॅपटॉपवर झॅम्पमध्ये (लॅपटॉपवरच सर्व्हर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) दोन महिने विनातक्रार चालली. काल लिनक्स होस्टिंगवर चढवली, तर सभासद-यादीचं पान कोरं, निम्मे फोटो गायब, आणि सकाळी साडेसातच्या पावतीवर वेळ पहाटे दोनची! कोडमध्ये काहीच बदललेलं नाही. सोमवारपासून वर्गणी घ्यायची आहे, कृपया सांगा.

सर्व्हरवाली:
दादा, कोरं पान म्हणजे स्क्रिप्ट मध्येच थांबली आणि सर्व्हरवर एरर दाखवणं बंद आहे. ते बंदच राहू द्या. एरर लॉगची (चुकांची नोंद होते त्या फाइलची) शेवटची ओळ इथे टाका.

तोवर बाकीचं. फोटोंची नावं तपासा. विंडोजला कॅपिटल जेपीजी आणि स्मॉल जेपीजी एकच, लिनक्सला त्या दोन वेगळ्या फाइली. सगळी नावं स्मॉल करा, डेटाबेसमधलीसुद्धा. वेळ साडेपाच तासांनी मागे, म्हणजे सर्व्हर यूटीसीवर, जागतिक प्रमाणवेळेवर आहे; स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच टाइमझोन एशिया/कोलकाता ठरवून टाका.

वाचनालय_तालुका:
ताई, लॉग म्हणतो, 'एमबी_सबस्ट्र' फंक्शन सापडत नाही. यादीत लांब नावं कापायला वापरलंय.

सर्व्हरवाली:
सापडलं मग. हे फंक्शन एमबीस्ट्रिंग या पीएचपीच्या जोड-भागात असतं. तो झॅम्पमध्ये आयता मिळतो; उबुंटू-डेबियन या लिनक्सच्या प्रकारांवर ते वेगळं पॅकेज असतं. होस्टिंगच्या पॅनेलमध्ये चालू करता येतं का पाहा. नसेल तर घाईत साध्या 'सबस्ट्र'वर मात्र जाऊ नका. ते बाइट मोजतं, आणि यूटीएफ-८मध्ये (अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. पाच चिन्हांचं 'मराठी' त्याला १५ दिसतं. दहावर कापलंत तर तीन चिन्हं आणि चौथ्याचा तुकडा उरतो.

चिन्हं मोजणारं 'एमबी_सबस्ट्र'ही पुरतं बरोबर नाही. 'मराठी' चारवर कापा, 'मराठ' उरतं; वेलांटी गेली. माणसाच्या नावाचं असं झालेलं मला बघवत नाही. माझं ऐकाल तर नाव स्क्रिप्टमध्ये कापूच नका. पूर्ण पाठवा, जागा कमी पडेल तिथे सीएसएसचं (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडचं) टेक्स्ट-ओव्हरफ्लो ब्राउझरकडूनच टिंबं काढून घेतं. मग सर्व्हरवर काय बसवलंय याची फिकीर उरत नाही.

इन्क्लूडमध्ये (दुसरी फाइल जोडणाऱ्या ओळींत) 'सी ड्राइव्ह'पासूनचे पत्ते असतील तर तेही काढा. दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोअर असलेलं 'डीआयआर' वापरा, पीएचपी ५.३पासून आहे, फाइल ज्या फोल्डरात आहे त्याचा पत्ता त्यातून आपोआप मिळतो.

एनजिनेक्स_पुणे:
एक विचारतो, डेटाबेसचा पासवर्ड कुठे ठेवलाय?

वाचनालय_तालुका:
त्याच फोल्डरात, आयएनआय (सेटिंग्जच्या) फाइलमध्ये. एचटीअ‍ॅक्सेस नावाच्या नियम-फाइलने बाहेरच्यांसाठी बंद केलीय.

एनजिनेक्स_पुणे:
एचटीअ‍ॅक्सेस अपाचे या वेब-सर्व्हरचं. एनजिनेक्स हा दुसरा वेब-सर्व्हर ती वाचतच नाही, फाइल मागणाऱ्याला सरळ देऊन टाकतो. आज सर्व्हर अपाचे असेल, उद्या होस्टिंग बदललंत तर? ती फाइल पब्लिक फोल्डरच्या एक पायरी वर ठेवा. आधी ब्राउझरमध्ये तिचा पत्ता टाकून बघा.

वाचनालय_तालुका:
टाकला. पासवर्ड स्क्रीनवर दिसला! फाइल हलवली, पासवर्ड बदलला. यादी आता पूर्ण नावांसकट उघडतेय. फोटोंची नावं बदलायला बसलोय, ३४० आहेत.