व्याख्यानाने माणसं बदलतात का? आमच्या मंडळात यंदा यावरून वाद पेटलाय

कृष्णाकाठ:
आमच्या तालुक्याच्या गावी दर जानेवारीत पाच दिवसांची व्याख्यानमाला असते. सतरंज्या अंथरण्यापासून वक्त्यांना स्टँडवरून आणण्यापर्यंत सगळी कामं मी बारा वर्षं करतोय. परवाच्या बैठकीत एक तरुण सभासद उभा राहिला आणि म्हणाला, "व्याख्यानमाला बंद करा, पैसा वाचनालयाला द्या. प्रेरणादायी भाषणं ऐकून आजवर गावात काय बदललं ते दाखवा." कुणालाच चटकन उत्तर देता आलं नाही, मलाही नाही. त्या रात्री झोप लागली नाही.

माझं मत असं की शब्दाने माणूस हलतो. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब बायकांशी वेगळं बोलले. ज्यावरून जात ओळखू येते तसं लुगडं नेसू नका, तसले दागिने घालू नका, असं त्यांनी सांगितलं. परिषदेहून घरी निघताना बायकांचं नेसणं बदललेलं होतं. पिढ्यान्‌पिढ्या अंगावर असलेली खूण त्यांनी एका भाषणानंतर उतरवून ठेवली. मग भाषणाने काही होत नाही असं कसं म्हणायचं?

माळरान:
दादा, तुमच्या कळकळीबद्दल शंका नाही, पण महाडचं उदाहरण इथे लागू पडत नाही. ती लढ्यासाठी घरदार मागे ठेवून आलेली माणसं होती. त्याच वर्षी मार्चमध्ये चवदार तळ्याचं पाणी प्यायले म्हणून त्यांनी मार खाल्ला होता. आणि तळ्याचा कोर्टातला निकाल? हायकोर्टाचा निकाल यायला 1937 उजाडलं. दहा वर्षं कागद धरून बसणारे कुणीतरी होते, म्हणून तो हक्क टिकला.

मी ज्युनिअर कॉलेजला शिकवतो. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे एक वक्ते आले होते. चांगले बोलले, मुलं रडली. "परिस्थिती हे कारण नसतं, कारण तुमच्यात असतं," हे त्यांनी सगळ्यांकडून तीनदा म्हणवून घेतलं. अकरावीच्या एका मुलीने त्या रात्री वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिलं, "मी कलेक्टर होणार." पुढच्या जूनमध्ये तिचे वडील अंथरुणाला खिळले आणि तिचं कॉलेज सुटलं. आता ती बाजारपेठेत साड्यांच्या दुकानात उभी असते. मी भेटलो तेव्हा म्हणाली, "सर, मीच कमी पडले." घरातलं आजारपण, बंद पडलेली मजुरी, एसटीच्या पासाचे पैसे, यातलं काहीच तिला कारण वाटत नव्हतं. असलं भाषण नुसतं वाया जात नाही हो, ते पोरांच्या डोक्यावर ओझं ठेवून जातं.

पेढीकाठ:
मी अमरावतीकडची. माझ्या आजीने गाडगेबाबांचं कीर्तन लहानपणी ऐकलेलं. ती सांगायची, बाबा गावात आले की आधी खराटा. डोक्यावर खापर, अंगावर चिंध्या, आणि दिवसभर गावचे रस्ते झाडणं. लोकांना वाटायचं कुणी वेडा आलाय. संध्याकाळी तोच माणूस कीर्तनाला उभा राहिला की झाडताना बाजूने निघून गेलेल्यांच्या माना खाली. उपदेश कमीच, सगळे प्रश्न. कर्ज काढून सण कोणी केला? नवसाला बकरं कोणी मारलं? उत्तर लोकांनीच द्यायचं. घरातली भांडी विका, पण लेकरांना शिकवा, हे ते पुन्हा पुन्हा सांगत. आमच्या घरी नवसाचं बकरं बंद झालं ते त्या एका रात्रीनंतर. आजी 80 वर्षांची झाली तरी हे सांगताना हात जोडायची.

आणि माळरान सर, त्या कीर्तनांना जमलेल्या लोकांच्या पैशातूनच पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर बाबांनी 1949 मध्ये बाबासाहेबांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. हे वाणीचंच काम ना?

माळरान:
ताई, तुम्ही माझीच बाजू मांडलीत. खराटा आधी, कीर्तन नंतर. ज्याने दिवसभर आपला रस्ता झाडला त्याने संध्याकाळी कान पकडला तर राग येत नाही. आजचा वक्ता संध्याकाळी सहाला गाडीतून उतरतो आणि साडेआठला मानधनाचं पाकीट घेऊन निघतो.

पुरंदरची लेक:
मानधनावरून सरसकट बोलू नका. सिंधुताई सपकाळांना मी पुण्यात ऐकलंय. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, बोलता बोलता बहिणाबाईंच्या ओळी. शेवटी त्यांनी पदर पसरला. माझ्या शेजारच्या आज्जींनी कनवटीची घडी घातलेली नोट काढली आणि स्वतः पुढे जाऊन त्या पदरात टाकली. त्या पैशांतून मुलं जेवत होती. पाकीट घेतलं का, हे विचारू नका. ते कुठे जातं, ते विचारा.

शिवारवाट:
माईंपुढे मीही नतमस्तक आहे. पण जरा थांबून विचार करा. शेकडो अनाथ लेकरांचं जेवण एका बाईच्या घशावर अवलंबून होतं. घसा बसला असता तर? आपण टाळ्या वाजवल्या, डोळे पुसले, नोट टाकली आणि मोकळे झालो. त्या मुलांना सांभाळण्याची जबाबदारी सरकारची आणि आपली आहे, हे त्या सभागृहातून बाहेर पडताना किती जणांच्या मनात आलं? ही आपली नामुष्की आहे आणि तिला आपण प्रेरणा म्हणतो.

पुरंदरची लेक:
हे लागलं. पण त्या बोलल्या नसत्या तर नामुष्की तरी कुणाला कळली असती?

कृष्णाकाठ:
सगळं दोनदा वाचलं. माळरान सर, तुमच्या त्या मुलीचं वाक्य डोक्यातून जात नाही. वक्ते ठरवताना आम्ही नाव बघतो, ते काय सांगणार हे विचारत नाही, ही चूक मी मान्य करतो.

तरी मी मागे हटत नाही. साने गुरुजींचं बघा. पंढरपूरचं विठ्ठल मंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून ते आधी महाराष्ट्रभर बोलत हिंडले आणि मग 1 मे 1947 ला उपोषणाला बसले. दहा दिवसांत दार उघडलं. उपोषणाने उघडलं हे खरं, पण गावोगावच्या त्या भाषणांनी लोकांची मनं आधी नांगरून ठेवली नसती, तर पंढरपुरात एक माणूस उपाशी बसलाय याची कुणाला काय फिकीर होती?

रविवारी बैठक आहे. वक्त्याने आदल्या दिवशी यावं, आमच्या ऊसतोड मजुरांच्या वस्तीवरच्या मुलांबरोबर दिवस काढावा आणि मग व्यासपीठावर चढावं, असं मी मांडणार आहे. ज्यांना जमणार नाही त्यांना बोलावणार नाही.

आणि सर, त्या मुलीला बारावीला बाहेरून बसता येईल ना?

माळरान:
17 नंबरचा फॉर्म भरता येतो. मुदत अजून आहे का ते उद्या कॉलेजात बघतो आणि तिथून दुकानावरच जातो. व्याख्यानमाला बंद करावी हे माझं मत कायम आहे.

कृष्णाकाठ:
असू दे. फीचं मी बघतो. दुकानमालक ओळखीचे आहेत, त्यांच्याशीही बोलून ठेवतो.